पप्पांनी बघितलेली मॅच

आमच्या वाडीत मला कोणी "बरी आहेस ना गो?" असं विचारत नाही. "काय गो, हल्ली कुठली तू?" असं विचारतात. बरोबरच आहे त्यांचं. पैसे घेऊन बास्केटबॉल खेळणं हा माझा धंदा, आणि त्या धंद्यात मी एका गावची कधी राहिलेच नाही. एका बँकेच्या टीमकडून खेळले, एका कारखान्याकडून खेळले, दोन शिक्षणसंस्थांच्या क्लबांनी बोलावलं आणि सोडलं. एक लीग तर मी सामील झाले त्याच हंगामात गुंडाळली. माझ्यामुळे नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या वाडीतल्या लोकांना तशी शंका आहे.

मी स्टार वगैरे कधी नव्हते. टीमचा फोटो निघतो तेव्हा मी कडेला उभी असते आणि पेपरवाले छापताना कडेचं माणूस कापतात. माझं काम एकच. समोरच्या टीममध्ये जी सगळ्यात चांगली खेळते, तिला गोचिडीसारखं चिकटायचं. तिला बॉल मिळू द्यायचा नाही, मिळालाच तर वळू द्यायचं नाही. मॅच संपेपर्यंत ती मला मनातल्या मनात शिव्या घालते आणि संपल्यावर गळ्यात पडते. मला हे काम प्रचंड आवडतं. माझा स्वभावच चिकट आणि भांडकुदळ, तेव्हा घरी ज्यासाठी बोलणी खाल्ली त्याचाच मला पगार मिळाला म्हणायचा.

प्रत्येक टीमची जर्सी घरी येते. आईने त्यातल्या दोन-तीन जर्सींची फडकी करून टाकली. बाकीच्या पप्पांनी ताब्यात घेतल्या. त्या बुडालेल्या लीगची भगभगीत जांभळी जर्सी घालून ते रोज सकाळी पोफळींना पाणी लावतात, पाठीवर माझा नंबर घेऊन.

पप्पा बोटीवर होते. मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागले आणि डेकवरच्या माणसांचे मुकादम होऊन निवृत्त झाले. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट काय चीज असते ते त्यांना मी सांगायला नको. सगळे नातेवाईक "कायमची नोकरी कधी लागणार?" म्हणून माझं डोकं खायचे. पप्पांनी कधी नाही विचारलं. क्लबने नारळ दिला की मी फोन करायची आणि ते म्हणायचे, "संपलं काय कॉन्ट्रॅक्ट? मग ये घरी. बांगडे आणून ठेवतो." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी घरी पोचले की खरंच बांगड्यांच्या तिखल्याचा वास येत असायचा आणि मला रडायचं विसरायलाच व्हायचं.

पण पप्पांनी मला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. ही एक गोष्ट मला सतत टोचायची. मी शाळेत होते तेव्हा ते कुठल्या तरी समुद्रात. सुट्टीवर यायचे ते नेमके माझ्या परीक्षांच्या दिवसांत. ते कायमचे घरी आले तोवर मी बाहेर पडले होते. आईला तर बघायचंच नसायचं, "तुला पडताना बघवत नाय मला," म्हणायची. पप्पांना मात्र बघायचं होतं. "एकदा तरी येतो," असं दर फोनला म्हणायचे.

एकदा आले पण. मला न सांगता, आंब्याची पेटी घेऊन, रात्रभर एसटीने प्रवास करून पुण्याला बँकेच्या टीमची मॅच बघायला. आता गंमत अशी, की त्या टीमने मला महिन्यापूर्वीच सोडलं होतं. त्या खेपेस घरी न येता मी थेट दुसऱ्या क्लबकडे गेले आणि फोन आईने उचलला, म्हणून तिलाच कळवलं होतं. आईने ते अख्ख्या वाडीला सांगितलं, फक्त पप्पांना सांगायचं राहिलं. तर हा माणूस पूर्ण मॅच बसून एकेका पोरीचं तोंड बघत राहिला. मॅच संपल्यावर पेटी त्यांनी त्या टीमलाच दिली आणि घरी फोन केला, "पोरगी दिसली नाय, पण पोरी चांगल्या खेळल्या." मी त्या वेळी नागपूरला होते. आईवर इतकी भडकले, की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग मलाच हसू आलं.

मागच्या हिवाळ्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "हा हंगाम खेळा. पुढच्याचं नाव काढू नका." मी मान डोलावली. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पहिला विचार आला तो पप्पांचा. आता कुठली मॅच, कुठलं गाव, कसं जमवायचं?

आणि नशीब बघा. घाटावरच्या एका क्लबचा फोन आला. रत्नागिरीत स्पर्धा आहे, आमची पहिली मॅच रत्नागिरीच्याच टीमशी, हरेल तो बाहेर. "गाव तुमचं, कोर्ट तुमचं, येता का आमच्याकडून?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

वाडीत ही बातमी कळली आणि जो काही गोंधळ उडाला! शेजारची काकू दारातूनच ओरडली, "म्हणजे तू आपल्याच पोरींना पाडायला आलीस? तेही घाटावरनं?" मी म्हटलं, "काकू, माझा धंदाच तो." तर म्हणे, "जळला मेला तुझा धंदा!" आणि वर मला सोलकढी प्यायला दिली. पप्पांनी मात्र निकाल देऊन टाकला. "पोरगी ज्या बोटीवर, ती आपली बोट."

मॅचच्या दिवशी दुपारी पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून आले. लग्नाला जातात तसे. कोर्टाच्या कडेला बघणाऱ्यांसाठी पायऱ्या आहेत, त्यातल्या पहिल्या पायरीवर, अगदी मधोमध, काकूच्या शेजारी बसले. त्यांच्या मागे अख्खी वाडी. मी वॉर्मअप करताना त्यांच्याकडे बघून हात केला तर त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या हातातून साधा पासही सुटला. इतक्या गावांत खेळले, इतकी लोकं बघायला असायची, पण असं कधी झालं नव्हतं.

मॅच सुरू झाली आणि मी बाकावर.

ठीक आहे, म्हटलं, पहिल्या पाचात नसते मी कधी कधी. पहिला भाग संपला, मी बाकावर. दुसरा संपला, मी बाकावरच. पोरींना पाण्याच्या बाटल्या देत होते आणि टॉवेल गोळा करत होते. पप्पा तिकडून हाताने विचारत होते, कधी? मी इकडून हातानेच सांगत होते, आता, आता. मध्यंतरात मला राहवलं नाही. कोचला बाजूला घेतलं.

"सर, मला बाटल्या वाटायला आणलंत का?"

कोच चांगला माणूस, पण संशयी. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "हे बघा ताई, गाव तुमचं. बोलावताना मला वाटलं फायदा होईल. पण इथं आल्यापासून बघतोय, समोरच्या टीमच्या पोरी तुमच्या पाया पडतात. त्यांचा मॅनेजर तुम्हाला भजी आणून देतो. उद्या हात आखडला तुमचा तर?"

माझं डोकं असं सटकलं म्हणता! "सर," म्हटलं, "भजी खाल्ली म्हणून मी कोणाला सोडत नसते. विचारा कोणालाही." पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि आम्ही पुन्हा आपापल्या जागी.

मग पायऱ्यांवरून सुरुवात झाली. आधी काकूचा आवाज आला, "अहो, आमच्या पोरीला घ्या की आत!" मग वाडी. मग वाडीचं बघून बाकीचे. थोड्या वेळात निम्मी रत्नागिरी ओरडत होती, तिला घ्या, तिला घ्या. स्वतःची टीम आघाडीवर असताना! कोच माझ्याकडे वळला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "बघितलंत? समोरचे लोक मागतायत तुम्हाला. म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे." आता याला काय म्हणावं? मी कपाळावर हात मारून घेतला. एवढी माया करून माझ्या लोकांनी मला पक्की बाकावर बसवून ठेवली.

शेवटचा भाग निम्मा झाला तेव्हा आमच्या एका पोरीचे पाच फाउल झाले. पाच झाले की बाहेर, मग परत आत येता येत नाही. कोचने बाकावर नजर टाकली. एकीचा पाय मुरगळलेला, दुसरीला रडू फुटायच्या बेतात. राहिले मी. "जा," एवढंच म्हणाला.

मी आत गेले आणि जो काही गलका झाला! पप्पा उभेच राहिले. काकूने शर्टाला धरून खाली बसवलं त्यांना.

मग मी माझं काम केलं. रत्नागिरीची सगळ्यात चांगली पोरगी होती तिला जाऊन चिकटले. चुणचुणीत, वेगवान, लांब हातांची. थोड्याच वेळात दमून म्हणाली, "ताई, जरा लांब व्हा ना!" मी म्हटलं, "बाळा, लांबच व्हायचं असतं तर घरी नसते बसले?" ती हसली आणि तेवढ्यात मी बॉल काढून घेतला. गुडघा दुखत होता का? असेल. मला काही कळत नव्हतं. मला इतकं छान वाटत होतं, की वाटलं ही मॅच संपूच नये.

आम्ही एका गुणाने मागे होतो आणि मॅच जवळजवळ संपलेली. मी बॉल घेऊन बास्केटखाली घुसले, उडी मारली, तर त्या पोरीने हातावर फटका मारला. फाउल. मला दोन मोकळे थ्रो. रेषेवर उभं राहायचं, कोणी अडवत नाही, शांतपणे बॉल मारायचा. पहिला गेला तर बरोबरी, दुसरा गेला तर आम्ही पुढे. ऐकायला सोपं वाटतं. माझं हे अंग कच्चं आहे हे माझ्या सगळ्या क्लबांना माहीत आहे.

आता बास्केटबॉलची एक रीत आहे. पाहुण्या टीमचा मोकळा थ्रो असला की गावच्या लोकांनी बोंब मारायची, म्हणजे मारणारीचं लक्ष उडतं. मघापर्यंत माझे असलेले सगळे लोक एका क्षणात रत्नागिरीकर झाले. ताटल्या, बाटल्या, शिट्ट्या, काकूची किंकाळी. आणि त्या सगळ्यावर चढलेला एक आवाज. "होओओ! होओओ!" मी बघितलं. पप्पा! त्यांना वाटलं लोक मला शाबासकी देतायत. म्हणून ते सगळ्यांच्या वरताण, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. माझा थ्रो चुकावा म्हणून माझा बाप जिवाच्या आकांताने बोंबलत होता, आणि त्याच्या तोंडावर इतका आनंद होता!

मला हसू आवरेना. हसता हसताच बॉल सोडला. रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला. बरोबरी.

बॉल उसळून पार कुंपणापलीकडे गेला. तो आणेपर्यंत मी बघत होते, काकू पप्पांच्या कानाशी लागून काहीतरी समजावत होती. पप्पांनी ऐकलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मागच्या लोकांकडे. त्यांचं तोंड एकदम पडलं आणि मग लालबुंद झालं.

पंचांनी बॉल माझ्या हातात दिला. पुन्हा तीच बोंब सुरू झाली. आणि पप्पा उठले. कोर्टाकडे पाठ केली, लोकांकडे तोंड केलं, दोन्ही हात पसरले आणि ज्या आवाजाने त्यांनी उभा जन्म वाऱ्यापावसात डेकच्या या टोकाकडून त्या टोकाला हुकूम दिले, त्या आवाजात ओरडले, "गप! गप र्‍हावा मेल्यांनो! पोरगी बॉल मारत्येय माझी!"

अख्ख्या पायऱ्या चिडीचूप. काकूची किंकाळी तोंडातच राहिली. परक्या टीमच्या थ्रोला गावचे लोक असे गप्प बसलेले मी उभ्या कारकिर्दीत पाहिले नाहीत. माझ्यासमोर बास्केट होती आणि तिकडे कडेला पप्पांची पाठ, घामाने चिकटलेला तो पांढरा शर्ट, पसरलेले हात. पप्पा, म्हटलं मनात, वळा ना. आता तरी बघा. पण ते वळतील कसे? वळले तर लोक पुन्हा ओरडणार.

मी बॉल मारला. रिंगला न लागता गेला, सरळ.

पप्पांना ते लोकांच्या तोंडांवरून कळलं. सगळ्या रत्नागिरीचे चेहरे एकदम उतरले, आणि तेवढे उतरलेले चेहरे बघून माझा बाप टाळ्या वाजवायला लागला. ते वळले तोवर रत्नागिरीच्या पोरींनी लांबून मारलेला शेवटचा बॉल वाया गेला होता, शिट्टी झाली होती, आणि मी आमच्या पोरींच्या ढिगाखाली कुठेतरी होते. तेव्हाही त्यांना मी दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर गुडघ्याला शेक घेत बसले होते. अंगणात पाच-सहा माणसं जमवून पप्पा तो थ्रो सांगत होते. मी गुडघे कसे वाकवले, बॉल कपाळापर्यंत कसा नेला, रिंगकडे कशी टक लावली. सगळं हात करून, पाय वाकवून, अगदी बारीकसारीक. कोणीतरी विचारलं, "तुम्ही बघितलात तो?"

"म्हणजे काय! समोरच होतो मी," पप्पा म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी शेक बाजूला ठेवला आणि नीट ऐकायला पुढे सरकले.