गाडीला बंद

आमच्या मसाल्याच्या डब्यात बरेच महिने एक किल्ली पडून होती, लवंगांच्या वाटीत, लवंगांखाली. घरात माझ्या नवऱ्याचा हात कधी न पोचलेली ती एकच जागा, असा माझा समज होता. किल्ली त्यांच्या सायकलच्या कुलपाची. कुलूप मी लावलं होतं आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

तारापूरच्या कारखान्यात जन्मभर पाळ्या केल्यावर, निवृत्त झाल्या झाल्या यांना सायकलचं वेड लागलं. दर रविवारी डहाणूहून तलासरीला जायचं. तिथे माझी धाकटी बहीण राहते. साडूशी बुद्धिबळाचे डाव टाकायचे, बहिणीच्या कालवणाची तारीफ करत पोटभर जेवायचं आणि दिवेलागणीला परत. माझ्या कालवणाला यांच्या तोंडून कधी 'बरंय'च्या पुढे शब्द निघाला नाही, ते असो. रस्ता चारोटीवरून आणि पुढे हायवेने. एका रविवारी मागून आलेल्या ट्रेलरने यांना साधा स्पर्शही केला नाही. नुसत्या वाऱ्यानेच रस्त्याकडेच्या चरात लोटून दिलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात वाचले." तो 'थोडक्यात' माझ्या पोटात जाऊन बसला तो बसलाच. हाड जुळलं, पण माझी झोप काही जुळेना.

मग हे घरी बसले आणि मोबाइलवर स्पेन बघू लागले. तिकडे म्हणे जुन्या रेल्वेचे रूळ काढून नुसत्या सायकलींसाठी रस्ते केलेत. गाडी नाही, हॉर्न नाही, दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा आणि मधून दोघं म्हातारा-म्हातारी आरामात पायडल मारत चाललेली. हे तासन् तास ते बघायचे आणि सुस्कारे सोडायचे. मला ती झाडं आपल्या चिकूसारखीच दिसायची. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. साडूचा फोन आला तरी दोन वाक्यांत ठेवून द्यायचे. ट्रेलरने नाही नेला तो नवरा आता खुर्चीच नेणार, अशी मला धास्ती बसली.

शेवटी मीच म्हटलं, "स्पेनला जायला पासपोर्ट लागतो. कोसबाडवरून आतून एक रस्ता जातो ना तलासरीकडे?"

"तो बंद आहे," हे म्हणाले. "मागे विचारलं होतं मी फाट्यावर. म्हणून तर हायवेने जायचो."

"बघून येऊ. मी पण येते. पण अट ऐका. वाटेत एक जरी ट्रक अंगावर आला, तर तिथूनच मागे फिरायचं आणि सायकल विकून टाकायची. पुन्हा तो विषय घरात नको."

हे नुसतं 'बरं' म्हणाले. मला वाटलं, आनंदाने शब्द फुटत नाही.

माझं माहेर चिंचणीचं. ओहोटीच्या कडक वाळूवर मी सायकल शिकले, त्यामुळे तोल माझा पक्का आहे, फक्त चढाचा सराव नाही. यांच्या सायकलचं कुलूप काढलं, लेकीची जुनी सायकल पुसून घेतली, मागे बहिणीसाठी सुक्या बोंबलांची पिशवी बांधली आणि दिवाळीनंतरच्या एका थंड सकाळी आम्ही निघालो. कोसबाडच्या चढावर मी उतरून सायकल ढकलली. हे उतरले नाहीत, पण वर पोचल्यावर त्यांचा चेहरा टोमॅटो झाला होता. मी काही बोलले नाही. एवढा मोठेपणा मी क्वचितच दाखवते.

टेकडी उतरून पुढे फाटा आला. गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक बाई चालली होती. मी विचारलं, "बाई, हा रस्ता चालू आहे का?"

"नाय, बंद हाय," ती म्हणाली.

झालं. हे लगेच सायकल वळवू लागले, जरा जास्तच लगेच. मी पण वळवली. आणि बघते तर ती बाई भाऱ्यासकट त्याच बंद रस्त्याला लागलेली!

"अहो बाई, बंद आहे ना?"

ती भारा सावरत आख्खी वळली. "गाडीला बंद. मोरी फुटली पावसात दोन वर्सांमागं. तुम्हाला गाडी कुठं हाय?"

मी यांच्याकडे बघितलं. आमच्याकडे गाडी म्हणजे फटफटीपासून वर. सायकल ही गाडी नव्हे, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? पण 'बंद' ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारायचं यांना सुचलं नाही, मलाही नाही. त्या एका शब्दाने हा माणूस रविवारमागून रविवार त्या ट्रेलरांच्या तोंडी गेला होता. मला हसूही आलं आणि रागही आला. राग कोणावर काढायचा ते ठरेना, म्हणून मी जोरात पायडल मारलं.

काय रस्ता होता तो! डांबर जागोजागी उखडलेलं, भेगांतून गवत वर आलेलं. एका बाजूला कापलेल्या भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला ताडाची झाडं. एका पाड्यात रस्त्याच्या मधोमध कुणी उडीद वाळत घातले होते आणि आम्ही कडेने गेलो. कोंबड्या तर आमच्यासाठी हलल्याही नाहीत. मला चेनचा आवाज ऐकू येत होता, यांचा श्वास ऐकू येत होता. मागे वळून बघावंसं वाटत नव्हतं, कारण मागून काही येणारच नव्हतं. कित्येक महिन्यांनी माझे खांदे खाली आले. मला एवढं हलकं वाटलं की मी चक्क गाणं म्हणायला लागले आणि यांनी ते सहन केलं.

फुटकी मोरी आली. स्लॅब मधोमध खचलेला, पण खाली ओढ्यात दगड टाकून लोकांनी पायवाट केली होती. सायकली उचलून आम्ही पलीकडे चढलो आणि मी जागच्या जागी थांबले. समोर, अगदी तोंडाशी, खडीने भरलेला डंपर उभा होता.

इंजिन घरघरत होतं. हे सायकलसकट दोन पावलं मागे सरकले, पुन्हा मोरीच्या कडेला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. गाडी वापीकडची.

"बेन, रस्तो चालु छे के?"

डहाणूच्या बाजारात तेवढं गुजराती सगळ्यांनाच येतं. मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "बंध छे, भाई! एकदम बंध!"

एवढ्या आनंदाने मी आयुष्यात कुणाला वाईट बातमी दिली नव्हती. तो पुटपुटला आणि डंपर उलटा घेत, टीं टीं करत, वळणापलीकडे दिसेनासा झाला. धूळ खाली बसली. पुन्हा कोंबडा ऐकू आला.

"अट," हे खाली बघत म्हणाले. "ट्रक आला."

"अंगावर आला का? उभा होता. आणि उलट्या पावली गेला."

हे मोरीच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "किल्ली लवंगांत होती ना? मला पहिल्या आठवड्यातच सापडली होती. सर्दी झाली तेव्हा काढा केला होता मी."

"मग घेतली का नाही?"

"पुन्हा लपवून ठेवली. तू कुलूप लावलंस ते बरंच झालं होतं मला. लोकांना सांगायला होतं, बायको जाऊ देत नाही." त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "मला त्या हायवेची भीती वाटते गं. अजून वाटते."

मी त्यांच्याशेजारी बसले. इतके महिने एका घरात दोघं एकाच ट्रेलरला घाबरत होतो आणि दोघांनीही एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता. मला रडू आलं, मी रडले, मग पदराने नाक पुसलं आणि म्हटलं, "मला पण वाटते. चला, बोंबील उन्हात आणखी वाळतील."

दुपारी बहिणीकडे हे दोन डाव हरले आणि तरी तिसरा मांडला. कालवण झाल्यावर तारीफ झालीच. निघायच्या वेळी बहिणीने काळजीने विचारलं, "परत कसे जाणार? हायवेनं?"

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "नाही, बंद रस्त्यानं."