फक्त किंमत विचारायला

आईची दहाही बोटं काळी झाली होती... मोरीच्या दगडाशी उकिडवी बसून ती चिंचेच्या कोळाने एक डबा घासत होती, आणि दुष्काळातलं ते तांब्या-तांब्याने पुरवायचं पाणी त्या दिवशी काळंशार होऊन वाहून चाललं होतं. चिंचेच्या आंबूस वासाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी ताट बाजूला सारते.

डबा आमचा नव्हता. खुलताबादेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, मावशीच्या मायेने मी जिला खाला म्हणायचे, तिचा तो पानाचा डबा – बिदरीचा, काळ्या धातूत चांदीच्या तारेची नाजूक वेल. सलग दुसऱ्या वर्षी विहीर आटली, तेव्हा खाला लेकीला घेऊन वाळूजला मजुरीला निघाली आणि जाताना डबा आईच्या हाती देऊन म्हणाली, "भाभी, ये अमानत है. सलमाच्या लग्नात न्यायला येईन." आईने तो साड्यांच्या घडीत ठेवला. अमानतीला हातसुद्धा लावायचा नसतो, असं मला बजावलं. मी लावला नाही.

मग टीव्हीवरची ती विनोदी मालिका... संध्याकाळी आमच्या बैठकीत निम्मी गल्ली जमायची. एका भागात एका गावचे लोक घरातलं जुनंपानं सामान घेऊन पारख्याकडे रांग लावतात. कुणी फुटकं घंगाळ आणतो, तर एकजण चक्क आजोबांची कवळी! आम्ही हसून लोळत होतो. शेवटी एका म्हातारीचा गंजका अडकित्ता राजदरबारातला निघतो आणि पारखी तिच्या पाया पडतो. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आई मात्र हसायची थांबून कपाटाकडे बघत होती.

"फक्त किंमत विचारायची गं, द्यायचाय थोडाच," ती मला म्हणाली. आणि चारचौघांत नेताना पोराचं तोंड धुवावं, तसा तिने तो घासला.

शहरात औरंगपुऱ्यातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने डबा उजेडात धरला आणि तो चुकचुकला. "काय केलं हो बाई हे? काळा रंग हीच बिदरीची शान. लई नुकसान केलं." राखी डागांनी विटलेला तो डबा खालाला आता कोणत्या तोंडाने परत द्यायचा? आई बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिली... मग उठली आणि तो देईल त्या भावात डबा विकून मोकळी झाली. शहराबाहेरच्या उजाड माळावर, चुन्याने आखलेल्या चौकोनांत, वडिलांनी एक प्लॉट धरला होता. त्याच्या हप्त्यात ते पैसे गेले.

पुढच्या उन्हाळ्यात खाला आली, सलमाचं लग्न ठरवून, माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा घेऊन.

"डबा तर तुमचा भाऊ घेऊन गेला की," आई म्हणाली, "तुम्हीच पाठवलं म्हणून."

"मेरा भाई? वो तो मेरेकू कुछ बोलाच नई."

तेव्हा आईने मला दंडाला धरून पुढे ओढलं. "या पोरीला विचारा. ती खोटं बोलत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे."

ते खरं होतं, तोवर. माझ्याजवळची ती एकच किमती गोष्ट आईने नेमकी हेरली होती. खालाने माझी हनुवटी वर केली. तिच्या हाताला जर्द्याचा गोडसर वास होता... आणि मी 'हो' म्हणून मान हलवली.

"बच्ची झूट कायकू बोलेंगी," असं म्हणून ती पाणीही न घेता उठली. सलमाच्या लग्नाला आम्ही गेलो, आहेर केला, जेवलो. मांडवात सगळे होते, फक्त सलमाचा मामा नव्हता. खालाने भावाला बोलावलंच नव्हतं.

खाला आता नाही. त्या माळावरच्या घरात आज आई आणि मी दोघीच राहतो. खिडकीतून आता माळ दिसत नाही. इतकी वर्षं गिळलेलं परवा एकदाचं तोंडातून निघालं – आई, आपण असं का केलं गं?

आई पोळी लाटत होती. मान वर न करता, अगदी सहज म्हणाली, "मी कुठं काय केलं? सांगितलंस तर तूच."