साडूने उचललेला रुमाल

माझ्या साडूने मला फसवलं. 'मी नुसतं बघेन, कशाला हात लावणार नाही,' असा ताडकळसच्या बैलबाजारात दिलेला शब्द त्याने तिथेच, भरदुपारी मोडला. तरीही सांगतो, इतका हुशार माणूस आमच्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि इतका तापदायकही.

हा मुंबईत कॉम्प्युटरवर कामाला. ते यंत्र म्हणे आमच्या गोठ्याएवढं असतं. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तो आमच्याकडे महिनाभर राहिला आणि प्रोग्रॅम लिहिण्याची परदेशी नवी रीत दिसेल त्याला शिकवत सुटला. जुन्या रीतीत सगळी माहिती चावडीवर पडल्यासारखी उघडी. कुणीही यावं, बदलावी, आणि बिघडलं की कुणी बिघडवलं ते सापडत नाही. नव्या रीतीत प्रत्येक वस्तू आपली माहिती आपल्या पोटात ठेवते आणि ती हाताळायचे मार्गही स्वतःजवळच ठेवते. बाहेरच्याने फक्त मागायचं. हा कायदा त्याने आमच्या स्वयंपाकघरालाही लावला. मिठाच्या डब्यात कुणी हात घालायचा नाही, माझ्या बायकोकडे मागायचं. एकदा तिने मीठ डब्यातून बरणीत हलवलं, तर याने टाळ्याच वाजवल्या. "बघा दादा, आत सगळं बदललं, पण मागणाऱ्याला पत्ता न्हाई!" शेजारच्या म्हाताऱ्याने वय विचारलं, तर म्हणाला, "वय सांगतो. पण ते कशावरून काढलं, ते विचारू नका." म्हातारा दोन दिवस याला फरारी समजत होता.

मी शेळ्या राखून वर आलेला माणूस. वस्तूच्या पोटात काय आहे ते पाहिल्याशिवाय मी घेत नाही. त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

त्याच दिवसांत मी माझ्या तांबड्या बैलाला जोड शोधत होतो. त्याचा जोडीदार साप चावून मेला होता आणि दुसऱ्या कुठल्याही बैलाशेजारी तो जुवाखाली मान देत नव्हता. ताडकळसला रंगाने, शिंगांनी, चालीने हुबेहूब तसाच बैल दिसला. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत; रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. मालकाचा आणि माझा भाव जुळत आला होता. एका बोटाचाच फरक राहिला होता. तेवढ्यात साडू नाचायला लागला.

"दादा, हेच ते! महिनाभर मी हेच सांगायलोय!"

"गप बस, पाया पडतो तुझ्या."

"भाव आत, बाहेर नुसता रुमाल! बघा मंडळी, आत काय हाय ते..."

आणि त्याने रुमाल उचलला.

माझी बोटं सगळ्या बाजाराने पाहिली. "एवढ्यातच व्हय?" म्हणत मागचा एक ढेरपोट्या गडी पुढे आला, आणि मालकाच्या हातात दोन बोटं जास्त दाबून माझ्यादेखत कासरा धरून बैल घेऊन गेला.

"झाकून ठेवायचं शिकवणारा तूच ना रे शहाण्या?"

"लोकांना समजावं म्हणून, दादा..."

"समजलं की! लय झाक समजलं समद्यांना!"

त्याची विद्या मला त्या दिवशी पक्की कळली. पुस्तकातून जन्मात कळली नसती. पण दुसऱ्याच दिवशी तो रेल्वेने निघून गेला, आणि दोन वर्षं झाली, लाजेने इकडे फिरकलेला नाही. भांडायला कुणी नाही, घर मुकं झालंय. तांबडा अजून गव्हाणीच्या अर्ध्या भागातच खातो, उरलेला अर्धा भाग तसाच सोडतो. साडूभाऊ, मला उत्तर नको. एकदा या, तांबड्यापुढे उभे राहा, आणि त्याला सांगा तो रुमाल का उचललात ते.