ताईच्या हळदीचा फोटो

आमच्याकडे घर आधी थाटतात, लग्न सवडीनं होतं. दोघांचं जमलं की बाई नवऱ्याच्या घरी राहायला येते. पोरं होतात, भात-नागली होते, आणि पाहुण्यांच्या जेवणाची जुळवाजुळव करता करता वर्षं निघून जातात. मग कधीतरी एकाच मांडवात आधी आईबापाचं लग्न लागतं आणि नंतर मुलाचं. यात कोणाला नवल वाटत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं तसंच झालं.

ताईच्या मनाला मात्र एक गोष्ट लागून होती. स्वतःला हळद लागली नाही अशा बाईनं दुसऱ्या नवरीला हळद लावायची नाही, ही आमच्या पाड्याची रीत. त्यामुळे कोणाच्याही लग्नात ती मागच्या बाजूला भाताच्या टोपाजवळ असायची. कोणी तिला जा म्हणत नव्हतं. तीच जाऊन बसायची.

मुलाचं ठरलं तेव्हा ती पोशेऱ्याला माझ्या घरी आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "पोरानं मोखाड्याचा शूटिंगवाला सांगितलाय. तो दुपारी येणार, त्याच्या लग्नाला. तवा मी वरमाय. माझी हळद सकाळी. तवाचा एक फोटो पायजे मला. नवरीचा. तू काढ."

"मी?"

"मग काय म्हशीला सांगू? तुझ्या हातात तो बाईंचा कॅमेरा असतो ना."

असायचा, हे खरं. मी आश्रमशाळेत स्वयंपाक करते. तिथल्या एक बाई जव्हारच्या. त्यांना फोटोचा नाद. सुट्टीच्या दिवशी त्या रानात, शेतात हिंडायच्या आणि एकटीनं नको म्हणून मला सोबत न्यायच्या. मी पिशवी धरायची. कोणी समोर आलं की बोलायचं काम बाई करायच्या, त्यामुळे मला ते हिंडणं आवडायचं.

एकदा आम्ही जीपनं दाभोशाला धबधबा बघायला गेलो. बाईंनी नवीन लेन्स आणली होती, वाईड म्हणतात ती. डोळा मोठा, पुढे फुगलेला. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. आतून बघितलं तर केवढं मावलं होतं! दोन्हीकडचे कडे, आभाळ, खालचा डोह, माणसं. मी खूश होऊन बटण दाबलं. फोटोत धबधबा कुठे आहे ते शोधावं लागलं. पांढरा दोरा लोंबकळत होता नुसता.

बाई म्हणाल्या, "मावशी, ही लेन्स लांबचं आणखी लांब ढकलते. जवळचं मोठं करते. आधी जवळ काय आहे ते बघा."

जवळ दगडावर एक खेकडा होता. खरं तर मी त्याला रश्श्यासाठी धरणार होते. त्याऐवजी पालथी पडले आणि त्याच्या तोंडापाशी कॅमेरा नेला. त्यानं दोन्ही नांग्या वर केल्या. फोटोत खेकडा रेड्याएवढा आणि त्याच्या मागे सगळा धबधबा.

"हा तर धबधब्याचा मालकच!" बाई हसत सुटल्या.

तेव्हापासून मला बघायची सवयच लागली. कॅमेरा नसला तरी मी खाली बसून बघायचे. पोरं ताटं घेऊन रांगेत बसली की पहिल्या पोराच्या ताटाच्या उंचीवर डोळे न्यायचे. ताट मोठं, त्यातला वरणाचा ओघळ मोठा, आणि मागे बारकी होत गेलेली रांग. शेताच्या बांधावर वाकून नागलीच्या कणसाआडून डोंगर बघायचे. एकदा शेजारीण म्हणाली, "काय गं, काय पडलं? मी पण शोधते." ती खरंच माझ्याबरोबर शोधायला लागली. काय सांगणार तिला? मी म्हटलं, "सुई."

लेन्सची एक खोडही कळली होती. कडेला जे येईल ते ताणलं जातं. बाईंचा फोटो मी स्वयंपाकघराच्या दारात काढला, त्या कडेला राहिल्या, तर त्यांचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांब आलं. त्यांनी तो फोटो पुसू दिला नाही. म्हणाल्या, कडेला माणसाचं तोंड ठेवू नका, हे यातून लक्षात राहील.

उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी जाताना त्या मला कॅमेरा देऊन गेल्या. मी हळदीच्या आदल्या दिवशी तो साडीत गुंडाळून ताईकडे नेला.

सकाळी मांडवात दाटी झाली होती. वर जांभळीचे डहाळे, खाली सारवलेली जमीन. लग्न लावणारी म्हातारी, आमच्यात तिला धवलेरी म्हणतात, ती गाणं म्हणत होती. ताई आणि भावजी पाटावर बसले होते. बायकांनी ताईच्या तोंडाला, गळ्याला, हातांना हळद चोपडली होती. भावजी तर कपाळापासून टाचेपर्यंत पिवळे झाले होते.

"फोटो, फोटो!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे उठून पाटाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभे राहिले. आमच्यात फोटोतून कोणी राहिलं तर ते वर्षभर बोलून दाखवतं. काकांचे, मामाकडचे, होणाऱ्या सुनेचे लोक, सगळे. एवढे डोळे माझ्याकडे. मी मागे मागे सरकत अंगणाच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली गेले. तिथून सगळे मावत होते. कोणी राहिलं नव्हतं. काढला.

ताईनं उठून कॅमेरा मागितला. तिला वाटलं लगेच बघता येईल, आणि येतंही. तिनं पदरानं हात पुसून तो धरला आणि काचेवर डोळे बारीक करून बघत राहिली.

"हा काका. ही मामी. हा झाडावरचा कावळा पण आलाय." मग थांबली. "मी कुठं?"

मी बोट ठेवलं. बोटाखाली ती पूर्ण झाकली गेली.

तिनं कॅमेरा परत दिला आणि पाटावर बसली. तिकडे बायका पाणी आणत होत्या. एकदा अंघोळ झाली की हळद गेली. मग ती लुगडं बदलणार, तिचं लग्न लागणार आणि पाठोपाठ ती मुलाच्या लग्नाला वरमाय म्हणून उभी राहणार. पुन्हा हळद लागत नाही.

मला काय करायला पाहिजे ते माहीत होतं. खेकड्याच्या जेवढं जवळ गेले तेवढंच ताईच्या जवळ जायचं होतं. पण मध्ये सगळे थोरले उभे होते, आणि माझ्या थोरल्या दिरांसमोर मी आजवर मोठ्यानं बोललेले नाही.

"पाणी थांबवा," मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडले. "पाणी थांबवा गं!"

गाणंसुद्धा थांबलं.

मी ताईच्या पुढ्यात जमिनीवर बसले, हात लांब केला तर तिच्या गुडघ्याला लागेल इतकी जवळ. काचेतून बघितलं. कडेला थोरले काका येत होते.

"काका, आत सरका. कडेला तोंड लांब येतं."

"त्याचं आधीच लांब हाय," मामी म्हणाली. मांडवभर हशा झाला. काकाही हसत आत सरकले. मग मी एकेकाला सांगत गेले, तुम्ही भावजींच्या मागे, तुम्ही पोराला कडेवर घ्या. दिरांनाही सांगितलं, पदर सावरून, पण सांगितलं. ते मुकाट्यानं सरकले. कडांना मी मांडवाचे खांब आणि डहाळे येऊ दिले. त्यांना ताणलं तरी कोण रागावणार?

ताई खाली मान घालून बसली होती, नवरीनं बसावं तशी. उभ्या माणसाला तिचा चेहरा दिसला नसता. मी खालीच होते, मला सगळा दिसत होता. भावजी पुटपुटले, "हिला फोटोवाली कधी केली गं?" आणि ताईला हसू आलं. ते दाबायला तिनं पिवळा हात तोंडाशी न्यायला घेतला. तेव्हा मी बटण दाबलं.

फोटोत ताईचा हात फार मोठा आला. भेगा दिसत होत्या, भेगांतली हळद दिसत होती. हाताच्या मागे तिचा चेहरा, आणि त्याच्या मागे सगळे होते, बारीक, पण ओळखू येतील असे. मला भीती वाटली. एवढा हात तिला आवडेल का?

तिनं खूप वेळ बघितलं. मग भावजींना दाखवलं. ते म्हणाले, "बरीच मोठी झालीस की."

"नवरी हाय मी," ती म्हणाली.

मग कॅमेरा धवलेरीकडे गेला, तिथून बायकांत फिरत राहिला. पाणी निवत होतं. बाहेर मोटरसायकल थांबली, शूटिंगवाला लवकर आला होता. तो मांडवात डोकावून म्हणाला, "वरमाय कोण? चला, तयार व्हा लवकर."

ताईनं मान वर केली नाही. कॅमेरा परत तिच्याकडे आला होता.

"थांब रं जरा," ती म्हणाली. "आमचं चाललंय."