स्वल्पविरामवाली मावशी

दुसऱ्या मजल्यावरची मावशी घरात नाव वल्हवते, अशी त्या वर्षी आवई उठली होती. एकटी राहते, दार लावून घेते, आणि संध्याकाळी पाच वाजले की ओरडते, पाणी आत आलं, कुणी ऐकतंय का. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी पहिल्या दिवशी टेबलावर चढून स्वतःचं छत चाचपून पाहिलं. छत ठणठणीत कोरडं. तेव्हा पाणी मावशीच्या डोक्यातच शिरलं असणार, असा काकूंनी निकाल लावला आणि ब्लाउज न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला तो ब्लाउजाबरोबर घडी घालून दिला.

आता खरं काय ते. मावशी नाव वल्हवत नव्हती, प्रुफं तपासत होती. पुस्तक छापून बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे तिचं काम. छापखान्यात तिच्यासमोर तात्या बसायचे. तात्यांनी लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि मावशीनं छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत ते जुळवायचं. तात्या नुसते शब्द वाचत नसत. कागदावर जे जे असेल ते सगळं वाचत. "पाऊस थांबला, पूर्ण. दारात कोण आलंय, प्रश्न. नवा परिच्छेद." घोटाळ्याचा शब्द आला की, "भिंती, भ पहिली, त दुसरी." सव्वीस वर्षं हे ऐकल्यावर कुणाचंही जे होईल तेच मावशीचं झालं. ती बोलतानासुद्धा विराम उच्चारायला लागली. "बस, स्वल्प, चहा टाकते, पूर्ण. साखर किती, प्रश्न."

मावशीची भाची तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरात तिला पोपट म्हणत, कारण एकदा ऐकलेला आवाज तिच्या घशात मुक्कामाला यायचा तो जायचाच नाही. लहानपणी शाळा सुटली की ती छापखान्यात जाऊन मावशीच्या टेबलाखाली बसायची. शाईचा आणि रॉकेलचा वास, यंत्राची धडधड, आणि समोर तात्यांची चप्पल. वाक्य संपलं की तात्यांचा अंगठा चपलेतून वर उचलला जायचा. पोपटला वाचता येत नव्हतं तेव्हापासून पूर्णविराम कळत होता, तो त्या अंगठ्यामुळे. चार वाजता कुणीतरी टेबलाखाली बिस्कीट सरकवायचं. कोण ते तिनं कधी विचारलं नाही, विचारलं असतं तर बिस्कीट बंद झालं असतं.

मग तात्या गेले. मालक म्हणाले, आता चुका संगणक दाखवतो, दुसरा वाचणारा कशाला? मावशीला कागद घरी न्यायची मोकळीक दिली, तेवढंच. मावशीनं आपला मार्ग काढला. आधी मोबाइलमध्ये सगळं स्वतःच वाचून ठेवायचं आणि मग तो लावून प्रूफ जुळवायचं. त्यामुळे खाली काकूंना एकाच आवाजाच्या दोन बायका ऐकू यायच्या, एक सांगणारी आणि एक "थांब, थांब, वेलांटी चुकली" म्हणणारी. त्यातून हातातलं पुस्तक होतं वेड्या माणसांच्या कथांचं. त्यातला एक नावाडी नदीवर पूल झाल्यावरही रोज सकाळी रिकामी नाव काढून पलीकडच्या काठाला हाक मारायचा, आणि नावेत पाणी शिरलं की ओरडायचा, पाणी आत आलं, कुणी ऐकतंय का.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मामाच्या वाढदिवसाला पोपटनं मावशीची नक्कल केली. मावशी नेमकी आली नव्हती. पोपटनं डोळ्यांवर नसलेला चष्मा वर ढकलला, नसलेली पेन्सिल कानामागे खोचली आणि अख्खी नाव बुडवून दाखवली. मामा हसता हसता खोकायला लागला, मामीनं त्याच्या पाठीवर थापटलं, आणि पोपटला तीनदा पुन्हा करायला लावलं. तिनं चार वेळा केली.

पंधरा दिवसांनी काकूंनी मामाला फोन करून वरच्या आरोळ्यांचं सगळं सांगितलं. मामा, म्हणजे मावशीचा थोरला भाऊ, फोन ठेवून म्हणाला, "आपल्या पोपटनं हेच करून दाखवलं होतं की. शब्दन् शब्द तोच. म्हणजे खरंच आहे." आणि मग कुणीच हसलं नाही. ठरलं असं की रविवारी मामानं गाडी घेऊन जायचं, मावशीला आधी डॉक्टरांना दाखवायचं आणि तिथून स्वतःकडे आणायचं. खोली सोडून द्यायची. मामाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, छापखान्याला तिथून दोन बस, आणि मामीला घरात कागदाचा कपटा खपत नसे. म्हणजे मावशीचं काम संपलं.

रविवारी दुपारी पोपट धावत मावशीकडे गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली, वाढदिवसासकट.

मावशीनं पेन्सिलीला टोक काढणं काही थांबवलं नाही. "चष्मा कसा वर करते मी, प्रश्न. करून दाखव."

"नको गं मावशी."

"दाखव म्हणते ना, पूर्ण."

पोपटनं रडवेल्या तोंडानं चष्मा वर केला. मावशीनं तो नीट निरखला. "हात डावा हवा," ती म्हणाली. "बाकी ठीक. तुझी आजी मला दिवसातून दहादा वेडी म्हणायची. वेडे, स्वल्प, जेवलीस का. तेव्हा कुणी डॉक्टर बोलावला नाही. या पुस्तकात बघ, सतरा वेडे आहेत. लोक विकत घेऊन वाचतील, डोळे पुसतील. आणि जिन्यात एक निघाली तर तिला गाडीत घालतात."

"मग मामाला काय सांगायचं?"

"सांगायचं काही नाही. दादाला वाचायला बसवते."

"मामाला?" पोपटला रडताना हसू फुटलं. मामा तीस वर्षं बस डेपोत माइकवर गाड्या पुकारायचा. निवृत्त झाल्यापासून घरात 'हं' आणि 'बरं' यांच्यापलीकडे त्याचा आवाज निघत नव्हता, आणि पुस्तक तर त्यानं पंख्याचा वारा कमी पडला तेव्हाच हातात धरलं असेल. "मावशी, तो एक पान वाचणार नाही. पैज."

"काय लावतेस, प्रश्न."

"हरले तर महिनाभर कुणाचीही नक्कल नाही."

"मी हरले तर," मावशीनं पेन्सिल कानामागे खोचली, "मुकाट्यानं गाडीत बसते, पूर्ण."

पैज मागे घ्यायला पोपटनं तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यात मामाच्या चपला वाजल्या.

मामानं दारातच आवाज मऊ केला. आजारी माणसाशी बोलतात तसा. "चल छोटी. चार दिवस माझ्याकडे. हवापालट."

"येते की. हे प्रकरण तेवढं उद्या सकाळी द्यायचंय. मोबाइल बिघडलाय, पोपटला अभ्यास आहे. तू वाच, मी जुळवते. मग निघू."

मामानं पोपटकडे पाहिलं. पोपटनं भिंतीकडे पाहिलं. मामा खुर्चीच्या कडेवर टेकला आणि किराण्याची यादी वाचावी तसा सुरू झाला. पहिल्याच ओळीला मावशीनं अडवलं.

"दादा, तिथे काय आहे?"

"काय असणार? टिंब."

"मग म्हण."

"टिंब म्हणू?"

"पूर्ण म्हण."

"पूर्ण," मामा म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला. दोन ओळी गेल्या. त्यानं घसा खाकरला. नावाडी पहाटे काठावर उभा राहिला, त्यानं तोंडाभोवती हात धरले, आणि मामा खुर्चीत मागे सरकून नीट बसला.

"पलीकडे कोणी आहे का, प्रश्न," मामानं वाचलं, आणि तो आवाज निघाला. नाकातून किंचित घसरणारा, शेवटचं अक्षर लांबवणारा, पाच फलाटांवर पोचणारा. पोपटला तो तोंडपाठ होता, पण इतक्या महिन्यांत तिनं तो खुद्द मामाच्या तोंडून ऐकला नव्हता. "नाव सुटते आहे, पूर्ण. ज्यांना यायचं असेल, स्वल्प, त्यांनी यावं, पूर्ण."

पान संपलं. मामानं थुंकी लावून पुढचं उलटलं. पोपटनं श्वास सोडला.

नावेला भोक पडलं त्या पानावर दार ढकलून काकू आत आल्या, गळ्यात टेप तशीच. "अहो दादा," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हालासुद्धा?"

मामानं वाचता वाचता एक बोट वर केलं, डेपोत चौकशीवाल्यांना करायचा तसं. काकू गप्प झाल्या, आधी उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मग तिथेच बसल्या. "पाणी आत आलं, पूर्ण. कुणी ऐकतंय का, प्रश्न," मामानं वाचलं, आणि काकूंनी नकळत मान हलवली. मावशीची पेन्सिल कागदावर चालत होती. तिनं वर बघितलं नाही.

प्रकरण संपलं.

"मग बसलं का कुणी त्याच्या नावेत?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या प्रकरणात असेल," मामा म्हणाला. "छोटी, आहे का पुढचं?"

"आहे. पण तुला निघायचंय ना. डॉक्टर वाट बघत असतील."

मामानं गाडीची किल्ली खिशातून काढली, बघितली आणि परत खिशात टाकली. "त्यांना करतो फोन. उद्या किती वाजता?"

"पाच, पूर्ण."

"पाच म्हणजे पाच. माझी एकही गाडी उशिरा सुटलेली नाही." जिना उतरताना तो आणि काकू नावाड्यावरून भांडत होते. काकूंचं म्हणणं, पुलाच्या माणसांनी त्याला बोलावून नोकरी द्यायला हवी होती.

पोपटला राहवेना. तिनं छाती फुगवली, नाक चिमटीत धरलं आणि मामाचं ते शेवटचं अक्षर लांबवायला तोंड उघडलं. मावशीनं मान वर न करता कागदावरची पेन्सिल तिच्या दिशेनं रोखली. पोपटनं तोंड मिटलं. ती पैज हरली होती, आणि महिना नेमका एकतीस दिवसांचा निघाला.