आमच्या साडूंच्या मापाची सायकल

आमच्या साडूंच्या मापाची एकही वस्तू अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात मिळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. भवानी पेठेतल्या घरात ते दोन चादरी टोकाला टोक शिवून पांघरतात. जन्मभर दारांच्या चौकटींशी टक्कर झाल्यामुळे आता मोकळ्या मैदानातही वाकूनच चालतात. एसटीत उभे राहिले की मान इतकी खाली जाते, की कंडक्टर विचारतो, "काय पडलंय का काका?" लग्नाच्या फोटोत त्यांना आधी खाली बसवतात, मग बाकीचे उभे राहतात.

साडू चिंचोळी एमआयडीसीत वेल्डर. शेत माढ्याकडे, दगडगोट्यांच्या गाडीवाटेवर. नवं लग्न झालं तेव्हा आक्कांना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, सायकलवर मागे बसवून ते त्या वाटेनं निघाले. वळणावर गुडघा हँडलमध्ये अडकला आणि दोघं थेट उसात. आक्का पोट धरधरून हसल्या, पण पुन्हा कधी मागे बसल्या नाहीत. ते साडूंच्या मनाला फार लागलं. मोटारसायकल घ्या म्हटलं तर म्हणायचे, "तिच्यावर बसलं की गुडघं कानाला लागत्यात." दुकानातल्या जाड टायरच्या सायकलीही बघून झाल्या. शेवटी पन्नाशीत त्यांनी ठरवलं, सायकल आपणच बांधायची आणि आक्कांना पुन्हा मागे बसवायचं.

त्यांची माप घ्यायची तऱ्हा अशी: ते अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर बसून हवेत पायडल मारायचे आणि मी समोर झाडू आडवा धरून हँडल व्हायचो. "वर घ्या की पावणं. अजून. हां, हितंच ऱ्हावा!" शेजारीण आक्कांना हळूच विचारून गेली, डॉक्टरला दाखवलं का म्हणून. साडूंनी सुट्टीच्या दिवशी पाइप कापले, जोडले, मनास येईना म्हणून पुन्हा कापले. पाठीसाठी हँडल उंच, दगडांच्या दणक्यांसाठी सीटखाली स्प्रिंगा, काळ्या मातीसाठी रुंद टायर. वर्ष त्यात गेलं.

सायकल टेंपोनं गावी नेली. साडू तिच्यावर बसले आणि मी त्यांना पहिल्यांदाच ताठ पाहिलं. गोट्यांवरून झोकात फेरी मारून आले. आक्कांना म्हणाले, "बस की आता." आक्कांनी कॅरिअरकडे पाहिलं. ते त्यांच्या छातीला लागत होतं. आम्ही मापं घेतली ती सगळी साडूंची, आक्कांना कोणी विचारलंच नव्हतं.

"ह्याच्यावर चडायला शिडी लागंल की वो!" म्हणत आक्का पुन्हा तशाच हसल्या. साडू हसले नाहीत. मलाही फार वाईट वाटलं.

"त्यात काय, कॅरिअर खाली घेऊ," मी म्हटलं. साडू पाना शोधायला उतरले, तर आक्कांनी भाकरीचं गाठोडं कॅरिअरला बांधूनही टाकलं होतं.

"ऱ्हाऊ द्या. मागं बसलं की ह्यांची नुसती पाठ दिसती," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

तेव्हापासून दर रविवारी गाठोडं सायकलवर बसतं आणि ते दोघं सायकल हातात धरून शेताकडे चालतात. हँडल उंच असल्यामुळे साडूंना आता वाकावं लागत नाही. आक्का काही बोलल्या, की ऐकायला तेवढे वाकतात.