पूर्ण दिवसाची रजा

कुलपांच्या कारखान्यात कानस मारून किल्ल्या गुळगुळीत करणाऱ्या माणसाला सगळे कानसच म्हणत. कारखान्याने चार दिवसांचा आठवडा केला, तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्याला झाला. रोज दहा तास उभं राहून पोटऱ्यांचे दगड होत. पण शुक्रवार मोकळा मिळत होता. डॉक्टरांनी वडिलांचे फार तर चार महिने सांगितले होते. म्हणजे सतरा शुक्रवार.

वडील त्याच खात्यातले जुने मुकादम. चाळीस वर्षांत एक खाडा नाही. आता मात्र सकाळचं दुपारी आठवत नव्हतं. पहिल्याच शुक्रवारी मुलगा चहा घेऊन खाटेपाशी बसला, तसा त्यांचा चेहरा पडला.

"काढून टाकलं ना तुला?"

"नाही हो बाबा. आता शुक्रवारी सुट्टी असते."

"मुकादमाला शिकवतोस? कारखाना काय शुक्रवारी झोपा काढतो?" आणि तोंडावर पांघरूण ओढून ते रडले.

पुढच्या शुक्रवारी मुलाची नोकरी गेल्याचं त्यांना नव्याने कळलं. त्याच्या पुढच्याही. चार दिवसांच्या आठवड्याचं कारखान्याचं छापील पत्रक दाखवलं, तर त्यांनी ते उजेडाला धरून शिक्का नकली ठरवला.

"तुम्ही आपले बाहेर जा बघू," बायको म्हणाली. "दर आठवड्याला नोकरी घालवून त्यांचा जीव का घेताय?"

मग कानस शुक्रवारीही डबा घेऊन निघू लागला. "वेळेवर पोच," वडील खाटेवरून बजावत. तो जिन्याच्या वळणावर पोचे आणि पायरीवर बसून वरचा खोकला ऐके. कामाचे दिवस कमी झाले की माणूस घरच्यांच्या जवळ येतो, असं पत्रकात म्हटलं होतं. अठरा पायऱ्यांइतका तो आलाही होता.

अकराव्या शुक्रवारी बायको धावत खाली आली. तो वर गेला. वडिलांना धाप लागली होती, तरी त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.

"कामाच्या वेळेला इथे?"

"रजा काढली, बाबा."

"अर्ज दिलास?"

"दिला. मंजूर झाला."

"कारण काय लिहिलंस?"

"वडील आजारी."

कारण पटण्यासारखं होतं. "मग बस," म्हणत त्यांनी सरकून जागा करून दिली.

इतकं सोपं होतं. सुट्टी असलेल्या माणसाला रजा काढायचं सुचलंच नव्हतं.

दुपारपर्यंत ते खात्यातल्या जुन्या गमती सांगत राहिले. मग हातात धरलेला त्यांचा हात गार पडला, तरी कानसने तो सोडला नाही. रजा पूर्ण दिवसाची होती.